मागे राहिलेला शिपाई

टँकर तिसऱ्या दिवशीही आला नव्हता. आम्ही घागरी घेऊन मन्मथअप्पांच्या दुकानासमोर रांगेत बसलो होतो. आत अप्पा आश्रुबाला खेळण्यातल्या बोटाएवढ्या शिपायांची लढाई शिकवत होते.

"फाशावर पडंल तेवढे इंच शिपाई पुढं न्यायचे. समदे ने बे, मग किल्ला तुझा."

"नेले की."

"मग ह्यो एक मागं कावून?"

"म्हातारी हाय ती, अप्पा."

"लढाईत म्हातारी असती का बे?"

"आमच्या टोळीत असंच असतंय. समदे ऊस तोडायला, म्हातारी घरी."

"कधी निघताय?"

"उद्या."

"आन आई?"

"न्हाई नेत. तेच इचाराया बसलो हुतो. टँकर आला की तिच्या दोन घागरी भराल का?"

"भरीन की. पर टँकर आला पायजे, आश्रुबा."