फुटला की फोडला?

फुटला आणि फोडला यांतला फरक मला शाळेत नाही, दौंडच्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात कळला बघा.

कासुर्डीच्या घरातून मी पुण्याच्या ऑफिसचं काम करते. मी जेवायला उठले, की धूळ बसू नये म्हणून माझे सासरे, आबा, लॅपटॉप मिटून ठेवतात. परवा उघडला, तर स्क्रीनवर ही तिरकी चीर! ऑफिसवाले म्हणाले, "आपोआप फुटला असेल तर खर्च आमचा, तुम्ही फोडला असेल तर तुमचा. दुकानदाराकडून लिहून आणा."

आबा तावातावानं माझ्याबरोबर आले. दुकानात शिरताच सुरू, "माझी सून तळहाताच्या फोडासारखं जपती त्याला. ती कशी फोडंल? फुटलाय त्यो!"

दुकानदार म्हणाला, "आबा, मिटताना आत काहीतरी राहिलं होतं. हे बघा, इथं दाब पडलाय."

आबांनी वाकून डोळे बारीक केले. "दिसंना मला. चष्मा फुटलाय."

"कसा काय?"

"काय म्हाईत. लॅपटॉपवर काढून ठेवला व्हता, आन् मग..."

आणि आबा मधेच थांबले. माझ्यासाठी एवढा भांडणारा माणूस, एकदम खाली बघायला लागला.

दुकानदारानं पेन उचललं. "मग मॅडम, काय लिहू? फुटला की फोडला?"

"फोडला," मी म्हटलं. "मीच. आणि इथं जवळ चष्म्याचं दुकान कुठंय?"