लाल कोठीची अपुरी भिंत

ऐका. पण आधी ती विडी विझवा, ही गोष्ट अंधारातच बरी.

नदीपल्याडची लाल कोठी ठाऊक आहे ना? कापसाच्या साहेबानं बांधली. सगळी पक्क्या विटांची. वऱ्हाडच्या उन्हात माणसं भाजून निघतात, तिथं साहेबानं खोलीखोलीत शेकोटी आणि वर धुराडं घातलं! साहेबाला कोण विचारणार? मागची भिंत चढत होती, आणि तिच्यावरून म्हातारा भिवाजी मिस्त्री पडला. जागीच गेला. मग साहेबही विलायतेला गेला. भिंत राहिली अपुरी.

पुढं गावानं तिथली एकेक वीट उचलली. हसू नका, तुमच्याही चुलीखाली असेल.

उकंडा गवंड्याच्या पोरीचं लग्न ठरलं. व्याही यायच्या आत घरापुढं पक्का ओटा हवा! निघाला रात्री गाडी जुंपून.

बायको म्हणाली, "अहो, उजाडल्यावर जा की."

"उजेडात चोरी करू? लोक काय म्हणतील!"

कोठीत शिरला. भिंतीला पटका टांगला, ढिगाला हात घातला, तोच वरून आवाज आला. "वीट!"

गवंडीकामात ही हाक आली की हात विचारत बसत नाही. उकंडानं वीट वर फेकली. कुणीतरी झेलली. थापी वाजली, टक टक.

"कोण रे? तुळशीराम का? तूही आलास होय चोरा?"

"वीट!"

फेकली. पुन्हा फेकली. हात थांबेचना! वर पाहिलं तर माणूसच नाही. नुसती थापी फिरतेय! आणि भिंत चढतेय. कमानी वळल्या, छत आलं, खिडक्यांत दिवे लागले. अख्खी कोठी लालभडक उभी! उकंडा भ्यायचं विसरला. तोंड उघडं टाकून बघत राहिला. असं काम त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं.

मग मागं वळला. दार कुठाय? चारी बाजूंनी भिंत! पटकाही अर्धा चिणला गेलेला. आणि आता भिंत आत सरकू लागली.

काय करील बिचारा? ओरडला, "भिवाजीबुवा! ओळंबा लावला होता का? भिंत झुकलीय!"

थापी थांबली. वरून दुखावलेला आवाज आला, "कुठं?"

"ही काय, इथं!"

धडाड! सगळी भिंत खाली! मिस्त्री मेला तरी वाकडं काम ठेवील होय? उकंडा विटांवरून उडी टाकून पळाला. बैल गाडीसकट त्याच्याही पुढं.

सकाळी लोकांनी पाहिलं. एक कोपरा तेवढा उभा होता, त्यात उकंडाचा पटका. आणि कोपरा कसा? ओळंब्यात! काडीभरही झुकलेला नाही.

म्हणून सांगतो, रात्री त्या वाटेनं जाऊ नका. भिवाजीनंही ते पाहिलं असणार. ती थाप आता दुसऱ्यांदा चालायची नाही.