गोठ्याच्या छपराएवढा कडा

मॉडेल रेल्वेच्या प्रदर्शनात कॉफीची रांग नेमकी रेगुलाच्या कड्यासमोरून सरकत होती. दोन हिवाळे खपून तिने तो प्लास्टरमध्ये कोरला होता. लोक काय म्हणतात ते ऐकावं, म्हणून नावाचा बिल्ला खिशात टाकून तीही रांगेत शिरली. पुढे एक म्हातारं जोडपं होतं.

“मार्लिस, बघ, आमचाच कडा! बोगद्यावरचा. ती काळी ओल बघ, बर्फ वितळायला लागलं की अश्शीच झिरपायची.”

“आणि हा दोरीला लटकलेला माणूस?”

“पहारीने सुटे दगड पाडतोय, गाडीवर कोसळू नयेत म्हणून. म्हणजे मीच की!”

“इतक्या वर?”

“हातभर तर कडा आहे, अगं.”

“विसी, खाली गाडी केवढीशी दिसतेय बघ. आणि तू मला काय सांगायचास? आपल्या गोठ्याच्या छपराएवढा उंच!”

“गोठा… तसा उंचच आहे आपला.”

“जन्मभर थापा मारल्यास मला!”

“तुला झोप लागावी म्हणून गं. पण हात काय आहे या कारागिराचा! ती भेग बघ. डोळे मिटून पाय ठेवला असता मी तिथे.”

“ठेवशील! मागे हो आधी.”

“अगं, बाही सोड. लोक बघतायत. जमिनीवर उभा आहे मी.”

“असू दे. तेव्हा कुठे धरता आलं मला?”