उन्हात ठेवलेली बाई

...आणि एकानंही विश्वास ठेवला नाही हो, एकानंही! कंठशोष करून सांगत होते, माझी बॅटरी संपत आलीय. छातीत पेसमेकर आहे माझ्या, इथे, खांद्याच्या खाली. तो ठोका देतो म्हणून मी उभी. जिना चढताना अर्ध्यात पाय गळायचे, डोळ्यांपुढे अंधारी... पण माझं ऐकतो कोण!

सून म्हणते, "आई, वय झालं आता तुमचं." मुलगा मोबाइलमधून मान न काढता, "कपडे वाळत घालायच्या वेळेलाच बरी संपते गं तुझी बॅटरी!" आणि आमचे हे? तुम्हाला सांगते, ह्या माणसानं जन्मात रिमोटचे सेल फेकले नाहीत. काढायचे, दातानं चावायचे, उन्हात ठेवायचे, परत घालायचे. तर मला म्हणतात कसे, "जरा उन्हात बस." बसले! भांडायलासुद्धा दम लागतो हो. गच्चीत एकीकडे गाद्या वाळताहेत, एकीकडे मी. हे मधूनमधून डोकावणार, "काही फरक?"

शेवटी त्या गाद्यांवरच कोसळले, तेव्हा कुठे दवाखाना दिसला. डॉक्टरीणबाईंनी छातीवर चकती ठेवली, पडद्यावर बघितलं आणि कडाडल्याच, "अहो, हा पेसमेकर उरलीसुरली बॅटरी पुरवून वापरतोय! जिना चढा नाहीतर झोपा, ठोका तेवढाच. अजून थांबला असतात तर बंदच पडला असता. दर वर्षी तपासायला का नाही आणलंत?"

मग हे हळूच, "नुसते सेल मिळतील का? घरीच बदलतो."

"सेल आतच पक्का बंद असतो, काका! अख्खी डबी बदलायची. हृदयात गेलेल्या तारा बऱ्या असल्या तर त्याच ठेवू."

तेवढीच जागा बधिर केली, मी टक्क जागी. जुनी डबी काढली, नवी जोडली, टाके घातले. खाटेवर आणून टाकलं, तर भोवती हे भांडण!

"बाबा, लक्ष तुम्ही द्यायचं!"

"मी? अरे, मी रोज उन्हात नेत होतो तिला!"

"मी तर बाई काही बोललेच नव्हते," सून.

म्हटलं, चूक कुणाची ते मी सांगते... पण माझं ऐकतो कोण! तिघांचं एकमत झालं एकदाचं. ह्यांची धाकटी बहीण, लांब असते, कित्येक वर्षांत आमची पायरी चढलेली नाही, पण पहिल्या ऑपरेशनला म्हणाली होती म्हणे, "आता दहा वर्षं बघायला नको!" झालं. माझा जीव टांगणीला लावला कुणी? तर आमच्या छकुवन्संनी!