जावयाचं वू वेई

देवगाव फाटा. उकडलेल्या शेंगा. शिंकणारी शेळी. आहेराचा टॉवेल आणि नारळ. बाकावर सासरे रायभान, जावई आदिनाथ आणि कडेला मी, रायभानकाकांचा पुतण्या.

“जावईबापू, कशाला आलतात?”

“दैवशालाला न्यायला, मामा.”

“मग खाल्लं, झोपलात, निघालात. इचारलं का न्हाई? जावयानं तोंडानं इचारल्याबिगर लेक धाडायची न्हाई, आमची रीत हाय.”

“मी वू वेई करायलोय.”

“काय करायलात?”

“काहीच न्हाई. चिनी ज्ञान हाय. मोबाईलवर एक गुरुजी सांगत्यात. माणसानं काहीच करायचं न्हाई. समदं पाण्यावानी आपोआप होतंय.”

“मेंढरं बी पाण्यावानी सोडली म्हणं?”

“वाहू दिली.”

“शेजाऱ्याच्या हरभऱ्यात वाहिली! शिव्या पोरीनं खाल्ल्या. म्हणून तर ती निघून आली.”

“चीनमधी लय मानत्यात हे.”

“तिथं कुणीच काही करत न्हाई?”

“न्हाई.”

“तुमचा मोबाईल कुठला?”

“चीनचाच.”

“आपोआप झाला?”

“…गुरुजीनं त्ये सांगितलं न्हाई.”

“बरं, गाडी यायलीय. अजून बी इचारा. मी फोन लावतो, पोरगी लगेच येती.”

“मनातून इचारलंय, मामा.”

“मला आयकू आलं न्हाई.”

“येईल.”

“अहो, गाडीला तरी हात करा! इथं हात केल्याबिगर थांबत न्हाई.”

“थांबंल.”

मी हात केला. गाडी थांबली.

“बघा मामा! आपोआप.”

आदिनाथ एकटाच चढला.

दैवशालाने सकाळीच आपली पिशवी भरून दाराशी ठेवली होती.