तोंडी परीक्षेला आलेले आप्पा

पीएच.डी.च्या पायऱ्या आख्ख्या निपाणीत आमच्या आप्पांइतक्या कुणाला पाठ नसतील. आप्पा म्हणजे माझे वडील; त्यांनी माझ्या लग्नाचा विषय काढला, की मी एक पायरी पुढं करायची. एम.ए. झाल्यावर म्हटलं, एम.फिल. होऊ दे. ते झाल्यावर, विषय मंजूर होऊ दे. मग प्रबंध होऊ दे. शेवटी म्हटलं, "आप्पा, आता तोंडी परीक्षा तेवढी राहिली."

"ती कुठं असती?"

"विद्यापीठात. खुली असती, कुणीबी येऊन बसतंय."

इथंच माझं चुकलं. आप्पा कडक इस्त्रीची टोपी घालून पहिल्या रांगेत हजर!

बाहेरून आलेल्या परीक्षकांचे प्रश्न झकास गेले. मग अध्यक्ष म्हणाले, "सभागृहातून कुणीही प्रश्न विचारू शकतं. उमेदवारानं उत्तर दिलंच पाहिजे."

आप्पा उठले. "लगीन कवा करणार?"

मी मार्गदर्शक बाईंकडं बघितलं. बाई छताकडं बघत होत्या. मग प्रबंधाच्या शेवटी सगळेच लिहितात ते वाक्य माझ्या तोंडातून गेलं, "या विषयात पुढील संशोधनाला वाव आहे."

सभागृह खो खो हसलं. आप्पा मात्र परीक्षकांकडं वळले.

"बघितलं न्हवं साहेब? घरीबी हेच उत्तर असतंय. हिला नापास करा!"