पिवळ्या चपलांच्या मागे

(लोअर परळमधलं छोटं ऑफिस. अभय आणि संघमित्रा एकाच स्क्रीनसमोर.)

संघमित्रा : अभय, थांबव ते! आपला ड्रोन बाईंना सोडून चिंचपोकळीच्या पुलाकडे कुठे निघाला?

अभय : खोटाच ड्रोन आहे गं, स्क्रीनवरचा. फिरू दे जरा.

संघमित्रा : उद्या गणपती मंडळाच्या माणसांना हीच टेस्ट दाखवायचीय. गर्दीत एका माणसाचा माग सोडायचा नाही, एवढं एकच काम दिलंय त्याला. आणि हा त्या टकल्याच्या मागे! कोण आहे तो?

अभय : चपलाचोर.

संघमित्रा : काय?

अभय : लालबागची गर्दी बनव म्हणालीस, बनवली. बाई दर्शनाला चपला काढतात, तो येतो, घालून सटकतो. चपलाचोराशिवाय लालबाग कसलं?

संघमित्रा : धन्य! म्हणजे ड्रोनने बाईंना ओळखलंच नव्हतं. एवढा वेळ त्यांच्या पिवळ्या चपलांच्या मागे फिरत होता!

अभय : चोर तरी पकडला ना? पोलिसांना विकू.

संघमित्रा : दात काढू नकोस.

अभय : बरं बाबा, चोराला उडवतो. टेस्ट पास, विषय संपला.

संघमित्रा : आणि रस्त्यावरच्या चोराला कोण उडवणार? गेल्या वर्षी हरवल्यापासून काकू गर्दीत गेल्या नाहीत, तूच सांगत होतास.

अभय : ते आहेच. आई म्हणाली, तुझं विमान वर असेल तरच येईन.

संघमित्रा : तेव्हा सापडल्या कुठे?

अभय : चपला काढलेल्या तिथेच. आमच्या घरात ठरलेलंय, चुकामूक झाली की चपलांपाशी यायचं. चपला गेलेल्या, ही अनवाणी उभी. आणि आम्ही येडे सगळीकडे शोधतोय. जाम घाबरली होती गं. मी पण.

संघमित्रा : आणि ह्या स्क्रीनवरच्या बाई? दर्शन झाल्यावर त्या कुठे जातात?

अभय : तिथेच येऊन उभ्या राहतात. आईवरूनच बनवल्यात ना.

संघमित्रा : मग ड्रोनला तुमच्या घरचा नियम शिकव! चपला निघाल्या, पण चाल बाईंची नाही, तर मागे जायचं नाही. काढल्या तिथे परत येऊन थांबायचं. चोर टेस्टमध्ये राहू दे.

अभय : थांब, टाकतो... हं, झालं. चालव.

संघमित्रा : चोर आला. घातल्या. अरे, निघाला की ड्रोन!

अभय : फिरला! फिरला बघ! परत आला!

संघमित्रा : थांबलाय. बाई आल्या बाहेर... धरलं! अभय, धरलं त्याने!

अभय : पुन्हा चालव.

संघमित्रा : चालवलं. पुन्हा धरलं. आता काकूंना फोन लाव, स्पीकरवर.

अभय : आई, ऐक. यंदा चुकामूक झाली तरी विमान तुझ्यापाशी येऊन थांबेल. चपला काढशील तिथे.

राधा (अभयची आई, फोनवर) : आणि चपला कोणी नेल्यान तर?

अभय : नेऊ दे. ते चपलांच्या मागे जाणार नाही.

राधा : असा? मगे जुन्याच घालून येतंय.